ध्रुपद कोणी धरावे?

 

मागील माघी वारीत घडलेली एक गोष्ट आपल्या चरणी ठेवतो. गोष्ट पोरासोरांची आहे, दोन दिवसांच्या प्रवासाची आहे, आणि तीत चूक माझी आहे. दुसऱ्याची चूक सांगताना निरूपणाला रंग चढतो. स्वतःची सांगताना घसा कोरडा पडतो. तरी सांगितली पाहिजे, कारण ही चूक आपल्यापैकी पुष्कळांच्या हातून होते आणि होते तेव्हा ती चूक वाटतही नाही, उलट व्यवस्था वाटते.

आमचे सोयगाव छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या उत्तरेस, अजिंठ्याचा डोंगर उतरून खाली आले की लागते. ती जगप्रसिद्ध लेणी आमच्याच तालुक्यात. कागदोपत्री आम्ही मराठवाड्याचे, 1948 पर्यंत निजामाच्या मुलखातले. पण पाण्याला कागद वाचता येत नाही. डोंगराच्या त्या अंगाचा पाऊस गोदामाईकडे जातो आणि आमच्या अंगणात पडलेला थेंब ओढ्यानाल्यांनी उतरत उतरत तापीला मिळतो. त्यामुळे आमच्याकडच्या माळकऱ्याला दोन माहेरे. आषाढीला पंढरपूर, आणि माघ वद्य एकादशीला तापीकाठची मुक्ताई. एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत मुक्ताईनगरास यात्रा भरते. जुन्या माणसांच्या तोंडी अजून एदलाबादच आहे. खानदेशातून, वऱ्हाडातून, मध्यप्रदेशातून दिंड्या येतात आणि एवढ्याशा वयाच्या त्या माऊलीच्या पायाशी पांढऱ्या दाढीची माणसे लोळण घेतात.

आमच्या गावातील एका शाळेत मुलामुलींचा गीतमंच आहे. प्रार्थना, देशभक्तीची गाणी, आणि अलीकडे बाईंच्या हौसेने अभंग. बाई गाणे शिकलेल्या आहेत, पेटी स्वतः वाजवतात. यंदा त्यांच्या मनात आले की मुलांना एकादशीला मुक्ताईनगरास न्यावे, रात्री आमच्या दिंडीच्या मंडपात त्यांचे भजन व्हावे आणि द्वादशीचे पारणे सोडून घरी यावे. बावीस मुले, एक मुक्काम. माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, एकदा ऐका, आणि काय कमी-जास्त असेल ते सांगा."

मी गेलो. मुले काळी चारमध्ये म्हणत होती आणि खरोखर चांगले म्हणत होती. पण मागच्या ओळीतून एक सूर सारखा निसटे. खाली असला की रिकामी घागर बोलल्यासारखा, वर चढला की बांगडी पिचल्यासारखा. पाहिले, तर तेरा-चौदा वर्षांचा एक मुलगा, ओठावर कोवळी लव, हातात टाळ. आवाज फुटला की बाकीची पोरे खुसखुसत. मी बाईंना म्हटले, "एवढा एक वगळा. मग गट शोभेल."

हे मी त्याच्यासमोर म्हणालो.

त्याने टाळ आदळले असते तर मला बरे वाटले असते. त्याने टाळांची दोरी नीट गुंडाळली, दोन्ही टाळ एकावर एक पालथे ठेवले, सतरंजीला हात लावून तो कपाळाला लावला आणि तो बाहेर गेला. टाळ ठेवण्याची ही रीत त्याला घरातून मिळालेली होती हे मला त्याच वेळी कळावयास हवे होते.

बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी समजावून सांगितले की या वयात मुलाचा कंठ वाढतो, आतल्या स्वरतंतूंची लांबी-जाडी वाढते, आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. हे होईपर्यंत काही महिने गळा कोठल्याच घरचा नसतो. त्या दिवसांत गळ्यावर जोर देऊ नये. मात्र गाणे बंदच करावे असेही नाही, खालच्या पट्टीत हलके म्हणावे. मग त्यांनी युरोपातली एक हकीकत सांगितली. व्हिएन्नाच्या मोठ्या चर्चमध्ये मुलांचा गायकवर्ग असे, त्यात जोसेफ हेडन नावाचा मुलगा होता. 1749च्या सुमारास त्याचा आवाज फुटला आणि त्याला तेथून निरोप मिळाला. हाच मुलगा पुढे थोर संगीतकार झाला. नुसत्या वाद्यवृंदासाठी शंभराहून अधिक मोठ्या रचना त्याने केल्या. मी म्हटले, "काय हे लोक! देवाच्या घरातून पोराला बाहेर काढले?"

बाईंनी माझ्याकडे फक्त पाहिले. मला तेव्हाही उमगले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुलाची आजी दारात आली. गळ्यात माळ, हातात काठी. मी म्हटले, "या माय, बसा." ती उंबऱ्यातच टेकली.

"महाराज, एक इचारायचं व्हतं. गोरोबाकाकांनी नामदेवाला कच्चं मडकं म्हनलं. मंग ते मडकं त्यांनी फोडलं का वो?"

"नाही माय. फोडले कसे असेल?"

"मंग झालं," म्हणाली, आणि काठी टेकत निघून गेली. नातवाचे नावसुद्धा काढले नाही.

श्रोतेहो, ही कथा मी आजवर किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. संत जमले आहेत. गोरोबाकाकांच्या घरचे थापटणे पाहून मुक्ताई विचारते, काका, हे कशासाठी? काका म्हणतात, मडकी पक्की की कच्ची हे पाहावयाचे. मग आमची मडकीही पाहा की! काका एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारीत जातात. सारे शांत बसून राहतात. नामदेवराय मात्र रागावतात, आणि निकाल लागतो की एवढेच मडके कच्चे. येथपर्यंत सांगून आम्ही कीर्तनकार अहंकारावर घसरतो आणि पाऊण तास तेथेच राहतो. नामदेवरायांचे पुढे काय झाले हे घाईघाईने उरकतो, कारण तोवर आरतीची वेळ झालेली असते.

पण आजीने बोट ठेवले ते नेमके त्या पुढच्या भागावर. कधी कुंभारवाड्यात जाऊन पाहा. कच्च्या मडक्यावर थाप मारली तर ते बद्द वाजते, भाजलेल्यावर मारली तर खणकन बोलते. म्हणजे थापटणे खोटे बोलत नाही. माझ्या कानांनीही खोटे सांगितले नव्हते. पण बद्द वाजणारे मडके कुंभार उकिरड्यावर टाकतो काय? तो ते आव्यात लावतो. आणि आणखी पाहा. भाजलेले मडके फुटले की त्याची खापरे होतात, ती पुन्हा जुळत नाहीत. कच्चे मडके चुकून मोडले तर त्याची माती भिजवून पुन्हा चाकावर चढवता येते. मोडूनही ज्याचे पुन्हा मडके होऊ शकते असे ते एकच! म्हाताऱ्या, पक्क्या, खणखणीत वाजणाऱ्या आम्हा मंडळींना ती सोय उरलेली नाही.

नामदेवराय रुसून विठोबाकडे गेले. देवाने त्यांची समजूत घातली नाही, तू पक्काच आहेस असेही म्हटले नाही. औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे पाठविले. हा त्यांचा आवा. तेथून पक्के होऊन निघालेले मडके कोठवर गेले? थेट पंजाबात घुमानपर्यंत. शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवरायांची 61 पदे आहेत. घर सोडून गात जाण्याचा प्रवास आपल्या संप्रदायात इतक्या दूर दुसऱ्या कोणी नेला नाही. त्या दिवशी पंक्तीतून जे एकच मडके वेगळे निघाले, त्याचा नाद एवढ्या लांब पोहोचला. काकांनी त्याला ओळखले, वगळले नाही. ओळखणे आणि वगळणे यांत अंतर आहे, आणि शाळेतल्या त्या सतरंजीवर मी ते एका वाक्यात मिटवून टाकले होते.

आता पैठणाकडे वळू. आमच्याच जिल्ह्यातले क्षेत्र. निवृत्तिनाथ, ज्ञानोबा, सोपानकाका आणि मुक्ताई ही चार भावंडे आळंदीहून शुद्धिपत्रासाठी पैठणास आली. रूढ शकांप्रमाणे भावंडांचे जन्म 1273 ते 1279 या सालांतले आणि शुद्धिपत्राचा शक 1209, म्हणजे इसवी 1287च्या आसपास. हिशेब करा. निवृत्तिनाथ चौदाचे, ज्ञानोबा बाराचे, मुक्ताई आठची. घरदार, आईबाप कोणी पाठीशी नाही, गावाने वाळीत टाकलेले. पायी आळंदीहून गोदाकाठी. हीसुद्धा मुलांची यात्राच होती, आणि तिच्या शेवटी विद्वानांची सभा परीक्षेला बसलेली होती. अधिकार कोणाचा, वेद कोणी म्हणावा, कोणाला वगळावे!

आणि माऊलींनी वेद कोणाच्या मुखातून वदविले? वाटेने चाललेल्या रेड्याच्या. कथा आपण सारे जाणतो, जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे, आपण डोके टेकवून येतो. पण विचार करा की देवाला चमत्कारच दाखवावयाचा होता, तर कोकिळेच्या कंठातून दाखवता आला असता. तो फार गोड झाला असता आणि लोक कोकिळेचेच कौतुक करीत बसले असते. माऊलींनी सृष्टीतला सर्वांत बेसूर कंठ निवडला. बारा वर्षांच्या मुलाने! त्या दिवशी माऊलींचा स्वतःचा आवाजही कदाचित फुटण्याच्या बेतात असेल. हे माझ्या मनातले आहे, ग्रंथातले नाही. वाटले तर सोडून द्या.

असो. मी त्या मुलाच्या घरी गेलो. तो शेतात होता, फरदड वेचीत होता. मी म्हटले, "चल उद्या." तो बोंडातून हात न काढता म्हणाला, "नको महाराज. माझ्यानं बिघडंल."

"बिघडू दे."

"मंग मी नुसते टाळ वाजवीन. तोंड उघडणार नाही."

मी हो म्हटले. याहून अधिक मागण्याचे तोंड मला नव्हते.

एकादशीला सकाळी एस.टी. सुटली. शेंदुर्णीला त्रिविक्रमाचे दर्शन घेतले. आमच्या पट्ट्यात हे प्रतिपंढरपूर. पूर्वी येथून पाचोरा-जामनेर ही छोटी गाडी धावे, लोक तिला पीजे म्हणत. 2020 साली ती थांबली. तिच्या गोष्टी मी मुलांना सांगू लागलो, पण मुलांना खिडकीतून केळीच्या बागा पाहावयाच्या होत्या. पहूर, जामनेर, बोदवड. जामनेरला फराळ झाला, एकीला गाडी लागली, दोघांची भांडणे झाली आणि बोदवडच्या आधीच मिटली. मुलांचा प्रवास मुलांसारखाच झाला. दुपारी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर नेले. हतनूर धरणामुळे तेथे पाणी समुद्रासारखे पसरलेले असते. आमच्याकडच्या पोरांनी एवढे पाणी कधी पाहिलेले नव्हते. बाईंनी सांगितले की आपल्या नाल्याचे पाणी यातच आहे. एक मुलगी म्हणाली, "मग आपण पाण्यामागंच आलो की." मला हे सुचले नसते.

चौदाशे वर्षांचे योगी चांगदेव त्या आठ-दहा वर्षांच्या मुलीचे शिष्य झाले, आणि दोघांची नावे या एकाच पाण्याकाठी राहिली. संगमावर मुलांना एवढेच सांगितले. पुढे याच काठी मेहुणला वैशाख वद्य दशमीला, शके 1219त, ती वीज होऊन गेली. तेव्हा ती अठराचीही नव्हती. हे सांगताना मुले गप्प झाली.

रात्री मंडप. आता मूळ मुद्द्याला हात घालतो. आपल्या भजनात ध्रुपद कशासाठी असते? चालक चरण म्हणतो आणि टाळकरी ध्रुपद धरतात, हे आपण पाहतो. त्यामागचा व्यवहार पाहत नाही. कितीही पट्टीचा गवई असो, त्याला श्वास घ्यावा लागतो. तो श्वास घेतो त्या क्षणी नाम तुटते. तुटू नये म्हणून दुसरा असतो. दुसऱ्याचा दम सरतो तेथे तिसऱ्याचा लागतो. रात्रभर असे चालते, आणि एकाही माणसाने अखंड म्हटलेले नसताना नाम मात्र अखंड राहते. गवयांच्या बैठकीत साथ असते ती गाणे सजविण्यासाठी. आपल्याकडे ध्रुपद असते ते तुटलेल्याला झेलण्यासाठी. कोणाचाच श्वास तुटला नसता, कोणाचाच गळा फुटला नसता, तर दिंडी कशाला हवी होती? एकानेच म्हटले असते, बाकीच्यांनी ऐकले असते.

आणि हल्ली हळूहळू तेच होऊ लागले आहे, हे बोलल्यावाचून राहवत नाही. मंडपात माईक आले. ते चालकाच्या तोंडापुढे आणि पेटीपुढे. ध्रुपद धरणाऱ्या दोनशे तोंडांपुढे काहीच नाही. त्यांचा आवाज त्यांनाच ऐकू येत नाही, आणि ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही तो दोन वर्षांत म्हणणे सोडतो आणि नुसता टाळ हलवीत उभा राहतो. त्यात भजनाच्या स्पर्धा! बक्षीस मिळवावयाचे म्हटले की वगळणे आलेच. मी शाळेत परीक्षक होऊन बसलो तो याच सवयीने.

आमच्या मुलांची वेळ दहाची होती. त्यांच्यातली एक मुलगी चालक, बाई पेटीवर. मागे आमच्या दिंडीचे टाळकरी आणि त्यांत मिसळलेले वऱ्हाडातले काही वृद्ध वारकरी. एकाला दात नव्हते; त्याचे ध्रुपद म्हणजे निम्मे वारेच. मुलगा त्याच्या शेजारी उभा होता. टाळ चोख, तोंड बंद.

तिसऱ्या अभंगात मुलीने चरण उंच घेतला. गारठा होता, दिवसभराचा प्रवास होता. शेवटच्या अक्षराला तिचा दम संपला. मुले तिच्याकडे पाहू लागली आणि ध्रुपद धरावयास क्षणभर कोणीच नव्हते. तेथे तो लागला. वर नव्हे, खाली. बाईंनी म्हटले होते तसा पुरते एक सप्तक खाली. भरदार, अनोळखी आवाज. मलाच काय, त्यालाही तो ओळखीचा नसावा, कारण त्याने दचकून बाजूला पाहिले. एक आवर्तन त्याने धरले. दुसऱ्या आवर्तनाला तो फुटला, अगदी शाळेत फुटला होता तसाच. तोवर शेजारच्या म्हाताऱ्याने आपल्या वाऱ्याने ते उचलले होते, आणि त्याच्यामागून सगळ्यांनी. मुलगी पुढच्या चरणावर गेली. कोणी हसले नाही. हसावयास कोणाला सवड नव्हती.

रात्री वीणेचे पहारे लागले. आपणांस ठाऊक आहे, एकदा उभी झालेली वीणा जमिनीला टेकवावयाची नाही. गळ्यातून गळ्यात द्यावयाची, आणि देणाऱ्या-घेणाऱ्याने एकमेकांच्या पाया पडावयाचे. तेथे वय नाही, जात नाही. दोन ते चारच्या पहाऱ्याला ज्यांचे नाव होते ते गृहस्थ तापाने फणफणले होते. दिंडीप्रमुखांनी विचारले, कोण उभे राहील? थंडीत कोणी कांबळे बाजूला करीना. तो उठला. वीणेपुढे गाणे म्हणावे लागत नाही, नुसते नाम चालू ठेवावयाचे असते, आणि ते जेवढ्या खालच्या आवाजात म्हणावे तेवढे चालते. हे त्याने हेरले असावे.

चारचा पहारा माझा होता. मी तोंड धुऊन मंडपात आलो. बाकीची मुले एकमेकांच्या अंगावर पाय टाकून झोपली होती, बाई त्यांच्यावर पांघरुणे ओढीत होत्या. तो वीणा छातीशी धरून उभा होता. ओठ हलत होते, आवाज दोन हातांवरही ऐकू येत नव्हता. मी समोर गेलो आणि वाकलो. तो घाबरून मागे सरकला.

"महाराज, तुम्ही नका."

"विणेकऱ्याने मागे सरकू नये," मी म्हटले. "उभा राहा."

तो उभा राहिला. पाय गार पडले होते, टाचांना शेतातल्या भेगा होत्या. मग तो माझ्या पाया पडला, वीणा माझ्या गळ्यात घातली, आणि कांबळे शोधीत अंधारात गेला.